शुद्ध पाण्याचा डेमो

घरात एक जण 'कॉम्प्युटरमधला' असला की मिक्सरपासून गिझरपर्यंत प्रत्येक खरेदीत त्याचा सल्ला घ्यायचा आणि मग शेजाऱ्यांनी घेतलंय तेच आणायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. पुतण्याने लॅपटॉप घेताना माझ्याकडून रॅम, प्रोसेसर, एसएसडी सगळं तासभर समजून घेतलं आणि निळ्या रंगाचा मिळत होता तो घेतला. मी ब्र काढला नाही. पण वॉटर प्युरिफायरचा विषय निघाला तेव्हा मी कंबर कसली.

आधी टीडीएस मीटर मागवला. दोन-अडीचशेला मिळतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे, पण हा मीटर क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतो आणि त्यावरून अंदाज ठोकतो. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर घाला, तो ढिम्म. जंतू तर त्याच्या खिजगणतीतही नसतात. आमच्या नळाचं पाणी लिटरमागे ८० मिलिग्रॅम भरलं. भरणारच. पुण्याचं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगावचं. सह्याद्रीच्या कातळावर पडलेला पाऊस तो, क्षार आणणार कुठून? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत बिनधास्त प्या म्हणतं. ५००च्या आत टीडीएस असेल तिथे आरओवर, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या प्युरिफायरवर, बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. बोअर आणि टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांची गोष्ट वेगळी, तिथे क्षार जास्त असले तर आरओ लागतोच. आम्हाला साधी गाळणी आणि जंतू मारायला यूव्हीचा दिवा पुरे होता.

आरओचा पडदा लोब आणि सौरिराजन या जोडीने १९६०च्या सुमारास कॅलिफोर्नियात तयार केला, तो समुद्राचं पाणी गोडं करायला. पानशेतला अजून भरती-ओहोटी सुरू झालेली नाही, असं मी जेवताना म्हणालो. कुणीही हसलं नाही. बायको म्हणाली, "उद्या माणूस येतोय डेमोला."

माणूस आला. टाय, बॅग, आणि आल्या आल्या आईला वाकून नमस्कार. तिथेच अर्धी लढाई संपली. त्याने दोन ग्लास मांडले, एकात आमचं नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने आणलेलं आरओचं. मग चार सळया असलेलं एक यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून प्लग लावला. थोड्याच वेळात आमचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग गटारासारखं काळपट. त्याचं जसंच्या तसं नितळ.

"आजी, हे तुम्ही रोज पिता," तो हळहळत म्हणाला. आईने पदर तोंडाला लावला.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. त्यातल्या काही सळया लोखंडाच्या असतात, वीज सोडली की गंजतात, तो गाळ म्हणजे सळईचा गंज, पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नाहीत म्हणून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. एवढं बोलून मी त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं आणि पुन्हा प्लग लावला. बघता बघता ते आमच्या पाण्याहून काळं झालं.

खोलीत शांतता. सेल्समन खाली बघत होता. मी आईकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"अरे, तू मीठ घातलंस म्हणून झालं ना काळं," आई म्हणाली. "चांगल्या पाण्याची नासाडी. आपण काय मीठ घालून पाणी पितो?"

याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण आईला देता येण्यासारखं नाही. सेल्समनने तेवढ्यात पावतीपुस्तक उघडलंसुद्धा.

यंत्र बसलं. टीडीएस १२. दोनच दिवसांत बायको म्हणाली की पाण्याला चवच नाही, चहाही पांचट लागतो. सर्व्हिसवाला आला, त्याने आतला टीडीएस कंट्रोलर नावाचा स्क्रू थोडा फिरवला आणि "आता घ्या मिनरल" म्हणाला. टीडीएस ५०. हा स्क्रू करतो काय, तर पडद्यातून न गेलेलं पाणी गाळलेल्यात मिसळतो. मी कागदावर हिशेब केला. १२ आणि ८० मिसळून ५० आणायचे तर ग्लासातलं निम्म्याहून जास्त पाणी आरओला बगल देऊन आलेलं. चव आता छान आहे, यावर घरात एकमत आहे.

पडद्यातून आलेल्या एका लिटरमागे सुमारे तीन लिटर पाणी मागच्या नळीतून बादलीत पडतं. तेही मी मोजलं. १०३. मानकाप्रमाणे बिनदिक्कत पिण्याजोगं. आईच्या मते त्यात सगळी घाण साठलेली असते, म्हणून ते फक्त फरशीला. कुंड्यांनासुद्धा नाही.

शेजारच्या काकूंकडे येत्या रविवारी त्याच सेल्समनचा डेमो आहे. मला आग्रहाचं बोलावणं आलंय, घरात कुणीतरी त्यातलं कळणारं हवं म्हणून. फक्त येताना मीठ आणू नकोस, असा निरोप आहे.