चिखल, लाकूड, मका

शुक्रवारी सईच्या दप्तरातून रंगीत कागद निघाला की आमच्या घरातली मोठी माणसं आपापल्या फोनमध्ये तोंड खुपसतात. या वेळी मला तोंड खुपसायला जरा उशीर झाला.

"बाबा, या हाफ-टर्मला आमचा टॉपिक माया आहे. आणि सायन्समध्ये चेंजेस ऑफ मटेरियल्स."

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. सई इयर फाइव्हमध्ये आहे, म्हणजे नऊ वर्षांची. इथल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेतल्या पोरांना युरोपबाहेरची एक जुनी संस्कृती शिकायची असते. इ.स. 900 च्या सुमाराचं बगदाद, आफ्रिकेतलं बेनिन किंवा माया, यातली एक शाळेने निवडायची. आमच्या शाळेने माया निवडली. बगदाद घरून करून आणा असं पालकांना सांगता येत नाही, पिरॅमिड करून आणा असं सांगता येतं, हेच कारण असावं असा माझा दाट संशय आहे.

"माया? म्हणजे जोश्यांची?" सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या आईने लसूण सोलता सोलता विचारलं.

"लोक आहेत गं ते आई. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीज तिकडचे. जुने."

"गेले वाटतं बिचारे."

"नाही आजी, अजून आहेत! लाखो आहेत," सई म्हणाली. आई निर्धास्त होऊन पुन्हा लसणाकडे वळली.

कागदावर गृहपाठाला मिरच्या दिलेल्या होत्या. सोप्याला एक मिरची, मधल्याला दोन, अवघडाला तीन. एका मिरचीचा गृहपाठ म्हणजे घरातल्या सगळ्यांची वयं माया आकड्यांत लिहा. एकाला ठिपका, पाचाला आडवी रेघ, शून्याला शिंपला. हे लोक आपल्यासारखे दहाचे गठ्ठे करत नाहीत, विसाचे करतात. सई कागदावर आजीचं त्र्याहत्तर मांडत होती. वर तीन ठिपके, म्हणजे तीन वेळा वीस. खाली दोन रेघा आणि तीन ठिपके.

"तीन विसा नि तेरा," आई मान वर न करता म्हणाली.

सईचं पेन हवेतच थांबलं. "आजी, तुला माया येतं?"

"आमच्या आईला वीसपुढे मोजताच यायचं नाही. शंभर म्हणजे पाच विसा." तेव्हापासून माया लोक आईला आमच्या माणगाव-खंडाळ्याकडचेच वाटायला लागले. माझे बेचाळीस म्हणजे वर दोन ठिपके, खाली दोन ठिपके. चार ठिपक्यांत धड रांगोळीसुद्धा होत नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण सईने तीन मिरच्यांवर बोट ठेवलं. माया पिरॅमिडची प्रतिकृती. आणि मी हसलो. मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेला माणूस. दिवाळीत आमच्या आळीतला किल्ला बघायला राजवाड्यापासून लोक यायचे. किल्ला करणाऱ्याला पिरॅमिड म्हणजे काय?

शनिवारी सकाळी मागच्या अंगणातली माती खणली. विटा रचल्या, पोतं मिळेना म्हणून जुना टॉवेल चिखलात बुचकळून त्यावर टाकला, आणि थापायला लागलो. हात आपोआप चालत होते. तासाभराने सई बाहेर आली.

"बाबा, हे गोल काय आहे?"

"बुरूज."

"पिरॅमिडला बुरूज नसतात."

बुरूज काढले. चोरदरवाजाही काढायला लावला, ते जास्त लागलं. मग पायऱ्या. मेक्सिकोतल्या चिचेन इत्साच्या कुकुल्कान देवाच्या पिरॅमिडला चारही बाजूंनी प्रत्येकी एक्क्याण्णव पायऱ्या आहेत आणि वरची एक, मिळून 365. वर्षाचे दिवस. मी चौदाव्या पायरीपर्यंत पोहोचलो आणि पंधरावी करताना पहिली पसरली. साताऱ्यात ऑक्टोबरच्या उन्हात बारापर्यंत किल्ला खणखणीत वाळतो. रेडिंगच्या ऑक्टोबरमध्ये चिखल ठेवला की तो आणखी ओला होतो. रविवारी सकाळी अंगणात पिरॅमिड नव्हता, उत्तप्पा होता.

"रिव्हर्सिबल चेंज," सईने वहीत नोंद केली. "माती आणि पाणी वेगळं करता येतं."

त्या आठवड्यात ती सगळ्याच गोष्टींचा असा निवाडा करत हिंडत होती. बर्फ, तूप, मीठ-पाणी हे परत येणारे बदल. टोस्ट, अंडं, व्हिनेगर ओतल्यावर फसफसणारा खायचा सोडा हे न येणारे. शाळेत त्यांनी कोमट दुधात व्हिनेगर घालून गोळा काढला, हे ऐकल्यावर मात्र आईने हातातली पळी खाली ठेवली. "दूध नासवलं? शाळेत? आणि त्याचे मार्क देतात?" आयुष्यभर जे होऊ नये म्हणून गॅसपाशी उभी राहिली, ते इथे मुद्दाम करायला शिकवतात हे तिला पटेना. पण विषय तिचाच होता. दुधाचं दही झालं की गेलं, लोण्याचं तूप झालं की गेलं. पाकावरून मात्र दोघींची जुंपली. पाक दोनतारी झाला की संपलं, असं सईचं म्हणणं. "पाण्याचा हबका मारायचा, परत एकतारी," आई म्हणाली. सईने बाईंना विचारलं. आजी बरोबर निघाली. त्यानंतर दोन दिवस आमच्याशी बोलताना आईच्या आवाजात जरा धार होती.

दुसरा पिरॅमिड पुठ्ठ्याचा. घरात कुरियरची खोकी रग्गड. पायऱ्या कापल्या, चिकटपट्ट्या लावल्या, उत्तम उभा राहिला. पण मला फिनिशिंगची हौस. माया लोक आपल्या इमारतींवर चुन्याचा गिलावा देत, असं वाचलं होतं. आपल्या गडांवर चुन्याची घाणी असते, बैल दगडी चाक फिरवायचा. त्यांच्याकडे बैल नाही, ओझ्याला चाक नाही, लोखंड नाही. चुनखडी भाजायची, पाणी टाकून विझवायची, भिंतीला लावायची, आणि मग तो चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो.

"म्हणजे हा रिव्हर्सिबल की इर्रिव्हर्सिबल?" सईने विचारलं.

मी चहा टाकायला उठलो.

चुना काही मिळाला नाही, म्हणून मैद्याची खळ आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावल्या. ओल्याने पुठ्ठा मान टाकायला लागला, म्हणून वाळवायला मंद आचेवर ओव्हनमध्ये ठेवला. हिने कामावरून आल्या आल्या रोजच्या सवयीने ओव्हन दोनशेवर नेला. आत कोण बसलंय हे तिला काय माहीत! स्मोक अलार्म वाजला, शेजारच्या आजोबांनी दार ठोठावलं, आई एका हाताने टॉवेल हलवत दुसऱ्या हाताने रामरक्षा पुस्तक शोधायला लागली. ओव्हनमधून जे निघालं त्याला सईने फार वेळ दिला नाही. "बर्निंग," तिने लिहिलं.

ती रात्री जेवताना एकदम थांबली. "बाबा, आपलं त्या देवांसारखंच झालं."

ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांचा पोपोल वुह नावाचा ग्रंथ आहे. त्यातली गोष्ट त्यांना वर्गात सांगितली होती. देवांनी आधी माणूस चिखलाचा केला. त्याला मान वळवता येईना, आणि तो पाण्यात विरघळला. मग लाकडाचा केला. तो चालायचा, बोलायचा, पण त्याला काळीज नव्हतं, त्याला कशाचीच आठवण राहायची नाही. देवांनी पूर पाठवला. घरातली जाती, तवे, मडकीसुद्धा त्याच्यावर उठली. आम्हाला रोज रगडलंत, आता तुमची पाळी, म्हणाली.

"बरोबर बोलली," आई म्हणाली.

"मग शेवटी मक्याचा केला. पिवळा आणि पांढरा मका. तो दळला श्मुकानेने. ती आजी होती."

टेबलावर शांतता पसरली. आईने माझ्याकडे पाहिलं, हिने आईकडे पाहिलं.

"मक्याचं पीठ आहे का घरात?" आईने विचारलं.

गुजराती दुकानातून आणलेलं होतं, सरसोबरोबर रोटी करायचा बेत कधीचा रेंगाळलेला. शनिवारी आईने मोठ्या पातेल्यात उकड काढली. ढवळता ढवळता सई तिला सांगत होती की माया बायका मका चुन्याच्या पाण्यात उकळून ठेवत. त्याने साल सुटतं, पीठ मिळून येतं आणि त्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, आणि पुढे इटली-स्पेनमध्ये मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला.

"बायकांना विचारलं नसेल," आई म्हणाली. "तुझ्या बाबाला लहानपणी मी चुन्याची निवळीच द्यायचे. उगाच नाही उभा राहिलाय."

तुपाचा हात लावलेल्या ताटांत उकड थापली. गार झाल्यावर ती इतकी घट्ट झाली की सुरी करकरली. चौकोन कापले, मोठ्यावर लहान, लहानावर आणखी लहान, असे पाच थर. चिचेन इत्साला नऊ आहेत, पण पीठ संपलं. पायऱ्या आईने सुरीच्या टोकाने वड्या पाडाव्यात तशा पाडल्या. मी फक्त गॅस बंद केला.

सोमवारी आम्ही पिरॅमिड पोळपाटावर ठेवून, वर कुकरचं मोठं पातेलं पालथं घालून, पावसातून शाळेत नेला. एका बाबाने लाकडाचा, आतून दिवे लागणारा आणला होता. त्याच्यावर जाती उठोत अशी माझ्या मनात प्रार्थना आली, ती मी दाबली. वर्ग पिकल्या मक्याच्या वासाने भरला, आणि बाईंनी सईला विचारलं, हा खायचा आहे का. तोवर एका कोपऱ्यावर कुणीतरी दात लावलेला होता.

पिवळ्या कागदावर तीन मिरच्या रंगवून आल्या. अंगणातल्या त्या उत्तप्प्याचं कुणालाच काही सोयरसुतक नव्हतं. मीच तो फावड्याने गोळा करून शेडच्या आडोशाला लोटला होता. दिवाळीच्या आधी आईने बॅगेतून हळिवाची पुडी काढली आणि मला न सांगता त्यावर भुरभुरवली. इथे हळीव सँडविचमध्ये घालतात, उगवायला मात्र तिथल्यासारखाच उगवतो. वसुबारसेला बघतो तर अख्खा ढिगारा हिरवागार, अंगाखांद्यावर झाडी, मधूनच माझ्या एका पायरीची कड डोकावतेय.

सई पुस्तक घेऊन बाहेर आली आणि टिकाल या जुन्या माया शहराचा फोटो त्याच्याशेजारी धरला. जंगलातून नुसते माथे वर आलेले, बाकी सगळी टेकडी.

"बाबा, आत्ता झाला बघ."

तेवढ्यात आई मागून आली. तिच्या हातात साताऱ्याहून रुमालात गुंडाळून आणलेला प्लास्टरचा शिवाजी आणि दोन मावळे होते. मावळे तिने पायऱ्यांवर उभे केले. महाराजांना माथ्यावर ठेवताना जरा दाबून बसवलं, कारण माती अजून ओलीच होती.