‘पहिला चावा माफ’ म्हणे!

“पाळीव कुत्रा पहिल्यांदाच चावला तर मालकावर केस होत नाही. गेटवर पाटी आणि कुत्र्याला लस असली की विषय संपला. फार तर इंजेक्शनचे पैसे द्या.” आमच्या नागपूरच्या मानेवाड्यातल्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय. टाकणारे काका रोज सकाळी पट्टा कुत्र्याच्या गळ्यात नव्हे, स्वतःच्या खांद्यावर घेऊन फिरतात.

पहिल्या चाव्याची माफी कुठून आली? इंग्लंडच्या जुन्या भरपाईच्या दाव्यांत ‘कुत्रा चावरा आहे हे मालकाला आधी ठाऊक होतं का’ असं विचारत. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) २८९. जनावरापासून जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका संभवत असताना पुरेशी खबरदारी ‘जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने’ घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या ‘किंवा निष्काळजीपणाने’मध्येच काका अडकतात. चावे मोजायचे असं कुठंच लिहिलेलं नाही. इजा झाली तर दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणल्याचं कलम १२५ही लागू शकतं. मुंबईत २०१० साली चावलेल्या रॉटवायलरच्या मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली, तीही जुन्या कायद्याखाली.

प्रत्येक चावा गुन्हाच, असंही नाही. भिंतीवरून उडी मारून आत शिरलेल्याची गोष्ट निराळी.

पाटीचं तर हसूच येतं. ‘कुत्र्यापासून सावधान’ म्हणजे धोका आहे हे तुम्हीच रंगवून ठेवलंत ना बाप्पा! आणि रस्त्यावर ती पाटी कोण वाचणार?

लसीने रेबीजची भीती कमी होते, जबाबदारी नाही.

राहिले इंजेक्शनचे पैसे. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंना याच गल्लीत एक पाळलेला कुत्रा चावला. सलवारीला पोटरीपाशी दोन भोकं होती. पंधरा मिनिटं साबण लावून पाय नळाखाली धरला, मग मेडिकल, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, गाठलं. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते, त्यामुळे मालकाला तो खर्च आलाच नाही. पण त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला तीन घरची कामं बुडाली. त्याची भरपाई दिवाणी दाव्यात मागता येते, फौजदारी केस वेगळी. ताईंनी अजून दोन्ही केलेलं नाही. लसीचं कार्ड मात्र त्या भोकं पडलेल्या सलवारीसकट पिशवीत जपून ठेवलंय.