पाईपलाइन पुरताय? मग आमच्या तात्यांचं ऐका

यंदा विहिरीवरनं वरच्या पट्टीला पाईपलाइन न्यायचा विचार चाललाय म्हणे तुमचा. झकास. फक्त एक करा, कुणा इंजिनियरला विचारत बसू नका, आणि दुकानदार पाईप जोडायच्या सोलुशनच्या डब्याबरोबर तो घडी घातलेला कागद देतो ना, तो तंबाखूची पुडी बांधायला ठेवून द्या. पाईप हातानं पुरायची आणि हातानंच जोडायची आपली एक परंपरा आहे. आमच्या तात्यांनी (वडलांचे चुलतभाऊ, गावातल्या निम्म्या लायनी त्यांनीच टाकल्यात, आणि गळणाऱ्या निम्म्या त्याच) ती आयुष्यभर सांभाळली, आता तुमची पाळी.

पहिली चारी, म्हणजे पाईप पुरायचा चर. पाईपाच्या डोक्यावर तीन फूट माती पाहिजे असं जाणती माणसं सांगतात. सांगू दे. गडी फुटाच्या भावावर लावा, म्हणजे खोलीचा प्रश्नच मिटला, कारण माणूस लांबी मोजतो, खोली कोण मोजतंय? मालक जिथं उभा असतो तिथं पहिले वीस फूट चारी चांगली कमरेला लागते, मग ऊन चढतं तशी चारीही वर चढते आणि बाभळीच्या सावलीत पोचेपर्यंत ढोपराच्याही खाली येते. चिंता नको. पुढच्या उन्हाळ्यात पलटी नांगर घाला, पाईप कुठं वर आलाय ते तो बरोबर शोधून देतो.

चारीच्या तळाला मऊ माती नायतर वाळू अंथरायची, टोकदार दगड वेचून काढायचे, हे सगळं ज्यांना दुसरा उद्योग नाही त्यांच्यासाठी. मोटर चालू-बंद झाली की पाईप किंचित हलतो आणि दगडावर घासतो, रोज थोडा थोडा, म्हणजे भोक पडायला चांगली दोन-तीन वर्षं लागतात. तोवर तुम्ही लेकीचं लग्न उरकून घ्या.

लेव्हलसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरतात ते तुम्ही बघितलं असेल, गवंडी अजून तेच करतात. तात्या एक डोळा मिटून बघतात. त्यांच्या डोळ्याला जमीन सरळ दिसते, पाण्याला दिसत नाही, आणि जिथं लाइन उंटाच्या पाठीसारखी वर जाते तिथं हवा धरून बसते, मोटर बोंबलते आणि पलीकडं धार करंगळीएवढी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालनं पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेव्हा त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, हवा निघून जायला. साधे बांधीव धुराडे. पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना एवढं कळत होतं, पण त्यांच्याकडं तात्या नव्हते. तात्या उंचवट्यावर पाईपाला तापलेल्या खिळ्यानं भोक पाडतात आणि त्यात बाभळीची खुंटी मारतात. हवा धरली की खुंटी काढायची, पाणी आलं की ठोकायची. ऑटोमॅटिक एअर व्हॉल्व्ह म्हणा हवं तर, फक्त ऑटोमॅटिक म्हणजे माझा धाकटा भाऊ.

आता सांधा. इथं जरा नीट लक्ष द्या, खरी कला इथंच आहे.

पीव्हीसीचा सांधा पुस्तकात असा असतो: पाईप काटकोनात कापायचा, कापल्यावर कडेला जी कुसं राहतात ती कानशीनं घासायची, दोन्ही तोंडं कोरडी स्वच्छ पुसायची, दोन्हीकडं सोलुशनचा पातळ हात फिरवायचा, सरळ आत ढकलून थोडा पीळ द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं, कारण पाईप परत बाहेर यायला बघतो. आणि मग एक दिवस पाणी सोडायचं नाही. सोलुशन म्हणजे काय डिंक नाही, ते दोन्ही पाईपांचं प्लास्टिक वरनं थोडं विरघळवतं आणि दोघांना एकजीव करतं, त्याला वेळ लागतोच.

तात्यांची रीत वेगळी. आरीनं तिरपा काप. तोंड धोतराच्या सोग्यानं पुसायचं, जो सोगा सकाळपासून चारीतच आहे. सोलुशन एकाच बाजूला, पण भरपूर, लग्नात तूप वाढावं तसं. मग पलीकडच्या टोकाला लाकडी ठोकळा धरून घणाचे दोन घाव. चहा. चहा संपला की मोटर चालू. आणि सॉकेट, म्हणजे दोन पाईपांना जोडणारा तुकडा, कमी पडला तर? अहो सॉकेट कशाला विकत आणायचा, पाचटाचा जाळ करा, पाईपाचं टोक त्यावर फिरवा, भाकरी शेकतो तसं, मऊ पडलं की दुसरा पाईप त्यात घुसवा. टोक एका अंगानं करपतं, भिंत ताणून पातळ होते, गोल होता तो आंब्याच्या कोयीसारखा होतो, आणि सहा केजी दाबाचा म्हणून पैसे मोजलेला पाईप त्या जागी दोन केजीलाही टिकत नाही. पण जाळावर हात शेकायला मिळतात, थंडीच्या दिवसांत त्याची किंमत वेगळी.

हे सगळं भर दुपारीच करा बरं का. पीव्हीसी उन्हात लांब होतो, रात्री आखडतो, पाचशे मीटरच्या लायनीत वीस डिग्रीचा फरक पडला की लांबीत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून शहाणी माणसं चारीत पाईप जरा नागमोडी सोडतात आणि माती गार वेळेला लोटतात. तुम्ही दोरीत ताणल्यासारखा ठेवा, पहाटे कुठला सांधा निसटतो हे बघायला मजा येते.

जुनी माणसं तर फारच नाटकी. नळयोजनेत बिडाचे पाईप असायचे तेव्हा सांधा शिशाचा. एका पाईपाचं टोक दुसऱ्याच्या तोंडात, मधल्या फटीत तागाचा पेड कोंबून ठोकून बसवायचा, तोंडाभोवती माती थापलेला दोर गुंडाळायचा, वर एक छोटं तोंड ठेवायचं आणि त्यातनं वितळलेलं शिसं एका दमात ओतायचं. एका दमातच, मधे थांबलं की सांध्यात फट. आणि आत थोडी जरी ओल राहिली तर वाफ होऊन शिसं उडायचं थेट तोंडावर. शिसं थिजलं की छिन्नी-हातोडीनं गोल फिरत परत ठोकून घट्ट करायचं. एका सांध्याला एवढा वेळ! सिमेंटच्या पाईपाला कॉलर बसवून मसाला भरला की वर ओलं पोतं टाकून दिवसेंदिवस पाणी मारत बसायचे. घरातल्या लोखंडी नळालासुद्धा आट्यांवर सफेदा आणि ताग. त्या लोकांना चहाला सुट्टी होती की नाही कुणास ठाऊक.

बेंडला, म्हणजे लाइन वळते तिथल्या तुकड्याला, काँक्रीटचा ठोकळा? छे. लाइट गेली की वर चढलेलं सगळं पाणी मागं फिरतं आणि धडक बेंडवर बसते, तिथला सांधा बंदुकीसारखा उडतो. तात्या त्यावर एक धोंडा ठेवतात आणि नारळ फोडतात. नारळ कामाला येतो, प्रसाद होतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांधे उघडे ठेवून पाणी सोडून बघायचं नाही. आधी माती लोटा. गळती मातीच्या वर दिसली तर ती काय गळती झाली? ती रात्री दोनला शोधायची असते, त्या आठवड्यात लाइट रात्रीचीच असते. आमचे आण्णा पहार जमिनीत रोवायचे आणि वरच्या टोकाला कान लावून बसायचे, खाली पाणी फुसफुसत असलं की पहारीत आवाज येतो. मी बॅटरी धरून. "गप ऱ्हा, श्वास घिऊ नगंस," असं म्हणायचे, आणि खरंच मी श्वास धरायचो. सापडली जागा की खणायचं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, वर सुतळी, वर परत पट्टी. आमच्या लायनीवर आता प्लास्टिक कमी आणि रबर जास्त आहे. पंक्चरवाला दिवाळीला आमच्या घरी फराळाला येतो.

नकाशाबिकाशा काढून ठेवू नका. लाइन कुठनं गेली ते तात्यांच्या डोक्यात आहे, तेवढं बास. गेल्या वर्षी बांधाला पाणी उमळलं, तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावून त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून शेतात नेलं. त्यांनी जरा वेळ हवेचा वास घेतल्यासारखं केलं, काठी टेकली आणि म्हणाले, "हितं खण." खणलं. चार फूट. नुसता मुरूम. उजवीकडं खणलं, डावीकडं खणलं, संध्याकाळ झाली. तात्या खड्ड्याच्या काठावर बसून चुना मळत होते. शेवटी म्हणाले,

"पाईप सरकला असंल."