पॉपकॉर्नची गोष्ट आणि झोपेतला ऑडिओ

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींत महिनाभर एक फॉरवर्ड फिरतोय. त्यात म्हटलंय की १९५७ साली अमेरिकेत सिनेमा चालू असताना 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' ही वाक्यं डोळ्यांना कळणार नाहीत इतकी झरकन दाखवली आणि विक्री वाढली. म्हणजे माणसाच्या नकळत मनात काहीही पेरता येतं. तेव्हा मुलांना झोपेत ऐकवायचा आमचा ऑडिओ घ्या, बोर्डाच्या परीक्षेत फरक बघा, असं तो फॉरवर्ड सांगतो. रामबागेतल्या माझ्या मावसबहिणीनं तो मुलासाठी घेतला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी पॉपकॉर्न. दावा करणारा जेम्स विकरी जाहिरातींसाठी बाजारसंशोधन करायचा. न्यू जर्सीतलं फोर्ट ली, सहा आठवडे, ४५,६९९ प्रेक्षक, पॉपकॉर्न ५७ टक्क्यांहून जास्त वाढलं, कोला १८.१ टक्क्यांनी. दशांशापर्यंतचे आकडे बघून आपण मान डोलावतो. पण प्रयोगाचा सविस्तर तपशील त्यानं कधीच पुढे ठेवला नाही आणि १९६२ मध्ये एका मुलाखतीत स्वतःच कबूल केलं की हाती असलेली माहिती अर्थ काढण्याइतकी नव्हतीच. फॉरवर्डमध्ये १९५७ आहे, १९६२ नाही.

१९५८ साली कॅनडाच्या सरकारी दूरदर्शनवर एका कार्यक्रमात 'आत्ता फोन करा' हा संदेश असाच ३५२ वेळा झळकवला. फोन काही वाढले नाहीत. काय सुचवलं होतं ते ओळखा, असं नंतर विचारल्यावर कितीतरी जणांनी कार्यक्रम बघताना भूक किंवा तहान लागल्याचं कळवलं! पॉपकॉर्नची बातमी त्यांच्या कानांवर आधीच गेली होती. काम केलं ते त्या बातमीनं.

नंतरच्या काळात, २००६ मध्ये, नेदरलँड्समध्ये झरकन दाखवलेल्या शीतपेयाच्या नावाचा थोडा परिणाम दिसला, पण ज्यांना आधीच तहान लागली होती त्यांच्यावरच.

आता ऑडिओ. १९९१ साली अमेरिकेत ग्रीनवॉल्ड या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी कानांना कळणार नाहीत असे संदेश दडवलेल्या कॅसेट तपासल्या, काही स्मरणशक्तीच्या, काही आत्मविश्वासाच्या. अर्ध्या लोकांना मुद्दाम उलट्या लेबलांच्या दिल्या. महिनाभर ऐकल्यावर एक तृतीयांशाहून जास्त लोकांना लेबलवर जे लिहिलं होतं तेच सुधारल्यासारखं वाटलं; लेबलवर 'स्मरणशक्ती' असेल तर स्मरणशक्ती, आत कॅसेट आत्मविश्वासाची असली तरी. चाचणीत मात्र कॅसेटचा काहीच परिणाम सापडला नाही. 'माझ्या मुलात फरक पडला' असं सांगणाऱ्या आया खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी लेबल वाचलेलं असतं. इकडे पोरगं कानात इअरफोन घालून रात्री तीनदा जागं होतं.

फॉरवर्डमधला शेवटचा मुद्दा जादूगाराचा: तो हवा तो पत्ता निवडायला लावतो. हे खरं आहे. पत्ते भराभर सरकवताना एकच पत्ता जरा जास्त वेळ दिसू देतात. २०१५ च्या एका अभ्यासात ११८ पैकी ९८ टक्के लोकांनी तोच पत्ता निवडला आणि बहुतेकांना आपण मोकळेपणानं निवडला असंच वाटलं. पण पत्ता तर डोळ्यांसमोरच होता. मन वळवणाऱ्या गोष्टी अशाच उघड्यावर असतात. शीतलामाता बाजारात आधी नऊ हजारांची माहेश्वरी उलगडतात, मग चार हजारांची स्वस्त वाटते. ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हेच दाखवलं: चक्र फिरवून १० आकडा आला तर संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, याचा लोकांचा अंदाज २५ टक्के, ६५ आला तर ४५ टक्के. चक्राचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता.

फॉरवर्डच्या तळाशी लिहिलंय: 'मूळ किंमत १२,०००, फक्त आज ४,५००.' मावसबहिणीला मी त्या बारा हजारांवर बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, मी तर साडेसात हजार वाचले म्हणून घेतला."