साथसंगत : स्थानिक कलाकार

सकाळी व्हॉट्सॲपवर रविवारच्या मैफलीची पत्रिका आली. वर गायिकेचा मोठा फोटो, मग प्रायोजकांचे लोगो, मग दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, सगळे पदांसकट. आणि अगदी तळाला, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात, 'साथसंगत : स्थानिक कलाकार'.

स्थानिक कलाकार म्हणजे कोण? आईबापानं त्याला नाव ठेवलेलं नाही का? तरी दुपारपर्यंत मी गप्प होते. मग ग्रुपवर एकानं लिहिलं, "पेटीवाल्याचं नाव कोण वाचतंय?" त्यावर बाकीच्यांच्या हसऱ्या स्मायली. म्हणून लिहितेय.

हे बेळगावात व्हावं? हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुरेंच्या बेळगावात? कागवाडचा माणूस, १९१७ चा जन्म. १९३८ साली इथं श्रीराम संगीत विद्यालय काढलं आणि १९४० मध्ये रेडिओनं पेटीवरच बंदी घातली! म्हणे वाद्य परदेशी, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यातून निघत नाही, पट्ट्यांचे सूर आपल्या श्रुतींना, सुरांमधल्या बारीक जागांना, धरून नाहीत. १९७१ उजाडल्यावर ती बंदी सैल झाली. ज्या वाद्याला रेडिओ दारात उभं करत नव्हता, तेच या माणसानं पिढ्यान् पिढ्या पोरांना शिकवलं. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, सगळ्यांना साथ केली. नव्वदी ओलांडून २०१० साली गेले, ते बेळगावकर म्हणूनच. आणि त्यांच्याच गावात पेटीवाल्याचं नाव कोण वाचतंय!

मींड निघत नाही हे खरं, मान्य. दरबारी रागाचा गंधार पट्टीवर झुलत नाही. म्हणून तर जाणता साथीदार त्या जागी हात उचलतो आणि ती जागा गाणाऱ्याला मोकळी सोडतो. कुठं वाजवायचं नाही हे कळण्यात निम्मं आयुष्य जातं.

माझे पेटीचे सर इथल्याच शहापूरचे. आमच्या गल्लीच्या गणपतीत एकदा एक काकू अभंग म्हणत होत्या. पन्नाशीनंतर गाणं शिकायला लागलेल्या, स्टेजवर पहिल्यांदाच. त्यांचा सा काळी चारवर, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. मध्येच करंट गेला. माईक बंद, इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद. काकू घाबरल्या आणि अंतरा अर्धा सूर खाली उचलला. मी सरांच्या मागं वही धरून बसले होते. समईच्या उजेडात सरांची बोटं काळी चारवरून अर्धा सूर खालच्या पांढरी पाचवर सरकलेली दिसली, हवा भरणारा भाता एवढाही न थांबता. तबलजीला त्यांनी डोळ्यानं खुणावलं, त्यानं जुन्या सुरात लावलेल्या उजव्या तबल्याची चाट सोडून नुसता डावा डग्गा धरला. आणि सरांनी उजवा हात क्षणभर उचलून गुडघ्याजवळच्या तानपुऱ्याचं बटण बंद केलं, करंट परत आला तर तो काळी चारमध्येच बोंबलेल म्हणून. करंट आलाच. कुणाला काही कळलं नाही. काकूंना तर नाहीच.

आता मला सांगा, हा 'स्थानिक कलाकार'?

आजकाल पालक विचारतात, पेटी कशाला, कीबोर्ड घेतो, त्याला ट्रान्सपोजचं बटण असतं. असतं. पण समोरची बाई घाबरलीय हे त्या बटणाला कुठलं कळायला? आणि दुसरा प्रश्न ठरलेला, प्रवेशिकेची परीक्षा कधी? सर नव्या पोराला आधी नुसता भाता मारायला लावायचे. एक सूर धरायचा, तो थरथरता कामा नये. पोरं कंटाळायची, आया कुरकुरायच्या. अनगोळची पोरं मराठीत बोलायची, बागेवाडीकडची कन्नडमध्ये, सर रागवायचे दोन्ही भाषांत. इथं पाटी कुठल्या भाषेत लावायची यावरून आपण रस्त्यावर उतरतो. त्या लढ्यात मीही आहे, त्याबद्दल कुणी मला शिकवू नये. पण पत्रिकेवर एका माणसाचं नाव कुठल्याच भाषेत नाही, याचं कुणाला काही नाही?

आयोजकांचं म्हणणं, पत्रिका करताना साथीदार ठरला नव्हता. असेलही. व्हॉट्सॲपची पत्रिका बदलायला कितीसा वेळ लागतो?

रविवारचा पेटीचा साथीदार सरांकडेच शिकलेला, माझ्यानंतरचा. त्याला फोन केला. म्हणाला, "ताई, माझं नाव टाकू नकोस, पुढचे कार्यक्रम जातील." म्हणून इथं लिहीत नाही. गणपतीत त्या दिवशी लोक काकूंना शाबासकी देत होते तेव्हा सर पेटीची कडी लावत होते. मी विचारलं, "सर, सांगायचं नाही का त्यांना?" म्हणाले, "कशाला? गायल्या की चांगल्या." हे सर म्हणू शकतात. त्यांचं मोठेपण त्यांच्यापाशी. आपण त्याचा फायदा घ्यायचा, हे मला पटत नाही.

रविवारी मी जाणार आहे. गायिकेवर राग नाही, गातात छान, आणि त्यांना हे माहीतही नसेल. पण आभाराच्या वेळी सगळ्या पाहुण्यांची नावं घेऊन पेटी-तबल्याशी येऊन 'साथीदार' म्हणून गुंडाळलं, तर मी उठून दोघांची नावं विचारणार आहे. तुम्ही कुणी तिथं असाल तर माझ्याबरोबर उठा.