मशीनवरच्या मुलाच्या घरातलं ते 'दुसरं लेकरू' मी आहे, त्या मेसेजला माझं उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला, मग तोच गल्लीतल्या मंडळाच्या ग्रुपवर, मग आईच्या भिशीच्या ग्रुपवर. तुम्हालाही आला असेल. 'मशीनवरचं मूल, माया की हट्ट?' असं वर लिहिलंय, मशीन म्हणजे श्वास देणारा व्हेंटिलेटर, आणि खाली पाच मुद्दे. एक, अशी मुलं जगत नाहीत, नुसती जिवंत ठेवलेली असतात. दोन, एकदा मशीन लावलं की त्याची सवय लागते आणि मग ते सुटत नाही. तीन, असं मूल दवाखान्यातच बरं, घरी आणणं म्हणजे जिवाशी खेळ. चार, पॅलिएटिव्हचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव निघालं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. आणि पाचवा, ज्याच्याखाली सगळ्यांनी हात जोडलेत, की घरातल्या दुसऱ्या लेकराचं आयुष्य बरबाद होतं, म्हणून त्याला लांब ठेवा, काही सांगू नका.

ते दुसरं लेकरू म्हणजे मी. वय २३, राहणार कोल्हापूर. माझा भाऊ १६ वर्षांचा आहे, त्याला जन्मापासून स्नायूंचा आजार आहे, अडीच वर्षांचा असताना गळ्यात नळी बसवली, ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात, आम्ही घरात नुसतं ट्रॅक म्हणतो. रात्री व्हेंटिलेटर लागतो, जेवणासाठी पोटात नळी आहे. आणि त्याच्याकडे मोबाईल पण आहे, घरच्या ग्रुपवर तोही आहे, तो मेसेज त्याने माझ्या आधी वाचला.

सवयीचा मुद्दा आधी घेते कारण त्यात सरळ चुकीची माहिती आहे आणि ती कुणाच्या तरी जिवावर बेतेल. ज्याचे श्वासाचे स्नायूच कमजोर आहेत तो झोपेत आणखी वरवरचा श्वास घेतो, मग कार्बन डायऑक्साईड पूर्ण बाहेर पडत नाही, अंगात साठत जातो. सकाळी डोकं दुखतं, दिवसभर पेंग येते, चिडचिड होते, आणि घरच्यांना वाटतं पोरगं आळशी झालंय. मशीन रात्रभर त्या स्नायूंचं काम करतं, म्हणून दिवसा ते स्नायू ताजेतवाने असतात. चष्मा लावला म्हणून डोळ्याला सवय लागली असं कोणी म्हणत नाही ना, तसंच आहे हे. उलट वेळेआधी जन्मलेली काही बाळं, ज्यांची फुप्फुसं कच्ची असतात, ती मोठी होतात तसं त्यांचं मशीन सुटतं पण. आणि एक महत्त्वाचं, स्नायूंच्या आजारात 'मशीन नको, नुसता ऑक्सिजन लावू' असं घरच्या घरी ठरवू नका, ऑक्सिमीटरवर आकडा छान दिसतो आणि आत कार्बन डायऑक्साईड वाढतच राहतो. सवयीच्या भीतीने लोक मशीन पुढं ढकलतात आणि मग एक दिवस मध्यरात्री पोराला उचलून आयसीयूत पळतात.

आता पहिला मुद्दा, की ही मुलं जगत नाहीत. सक्शन, म्हणजे गळ्यातल्या नळीत बारीक नळी घालून कफ ओढून काढणं, ते करताना त्याच्या डोळ्यात पाणी येतं, खोटं कशाला सांगू. ती बारीक नळी किती सेंटीमीटर आत घालायची तो आकडा आईने कपाटाच्या दारावर मार्करने लिहिलाय, त्याच्या पुढं एक रेघ पण जायचं नाही, आणि दहा सेकंदांच्या आत बाहेर काढायची. गळ्यातली नळी बदलणं, छातीत कफ झाला की दवाखाना, हे सगळं त्रासाचं आहे आणि तो त्रास त्याचा आहे. पण त्या मेसेजवाल्याने त्याचा तेवढाच भाग बघितलाय.

ट्रॅक बसवल्यावर त्याचा आवाज गेला होता. हवा गळ्यातल्या नळीतूनच आत-बाहेर व्हायची, वर स्वरयंत्रापर्यंत पोचायचीच नाही, त्यामुळे रडला तरी आवाज नाही, नुसतं तोंड उघडं आणि गालावर पाणी. ते बघायला लई वाईट वाटायचं. तो चार वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी बोलायचा व्हॉल्व्ह दिला, बोटाच्या पेराएवढा, नळीच्या तोंडावर बसतो, त्यातून हवा आत जाते पण परत त्या वाटेने येत नाही, ती वर स्वरयंत्रातून तोंडावाटे निघते. हा व्हॉल्व्ह १९८० च्या दशकात डेव्हिड म्युर नावाच्या अमेरिकन तरुणाने शोधला, आणि तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता. म्हणजे ज्याला हा मेसेज 'नुसता जिवंत ठेवलेला' म्हणतो त्याने माझ्या भावाला बोलतं केलं. पहिल्यांदा व्हॉल्व्ह लावल्यावर तो स्वतःच्याच आवाजाला दचकला, इकडं तिकडं बघायला लागला की कोण बोललं, आणि मग मला म्हणाला, ताई टीव्ही लाव. आई स्वयंपाकघरातून तशीच पिठाच्या हाताने पळत आली.

आणि हे फक्त आमच्या घरचं नाही. अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास छापून आला होता, गंभीर अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांना विचारलं की तुमचं आयुष्य कसं चाललंय, तर ५४ टक्के लोकांनी चांगलं किंवा उत्तम असं सांगितलं. त्याआधी १९९१ साली डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर असलेल्या लोकांना विचारलं होतं आणि त्यांच्याबद्दल दवाखान्यातल्या लोकांचाही अंदाज घेतला होता, तर दवाखान्यातल्या लोकांनी त्यांचं समाधान फार कमी धरलं होतं. लांबून बघणारा चुकतो, शिकलेला असला तरी. ज्या कोल्हापुरात नसीमादीदी हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली त्या गावात हा मेसेज एवढा फिरावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

दवाखान्यातच ठेवावं म्हणतात. ज्यांची तब्येत अजून स्थिर नाही त्यांनी राहायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण स्थिर झाल्यावरही कायम? अमेरिकेत केटी बेकेट नावाची मुलगी होती, पाच महिन्यांची असताना मेंदूला ताप येऊन व्हेंटिलेटरवर गेली, तीन वर्षांची झाली तरी दवाखान्यातच, कारण सरकारी योजना फक्त दवाखान्याचं बिल द्यायची. घरी खर्च सहावा हिस्सा येणार होता तरी. १९८१ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तो विषय काढला, नियम बदलला, ती घरी आली आणि पुढं ३४ वर्षांची होईपर्यंत जगली. त्या नियमामुळे नंतर किती मुलं घरी गेली.

घरी धोका असतो हे मात्र मी नाकारणार नाही, आम्ही तो बघितलाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरात पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ आहे त्यावरून समजा. आम्ही तेव्हा शाहूपुरीत राहायचो. लाईट गेली, मशीनची स्वतःची बॅटरी चार तास चालली, मग इन्व्हर्टर, तो रात्री दोनच्या सुमाराला बंद पडला. मग अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. पप्पा, आई, मी, आळीपाळीने, मोजत दाबायचं, एक दोन तीन दाब, एक दोन तीन दाब, मध्ये थांबायचं नाही. मी अकरावीत होते. पहाटे मंडळाची पोरं जनरेटर घेऊन आली, दुपारी त्याच पोरांनी भावाला मशीनसकट खुर्चीत बसवून बाहेर काढलं आणि आम्ही राजारामपुरीत आत्याकडे गेलो. नंतर मी वाचलं की कोपनहेगनमध्ये १९५२ च्या पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन नावाच्या डॉक्टरने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला भोक पाडून असाच हाताने श्वास द्यायला लावला आणि मग साधारण दीड हजार मेडिकलची मुलं पाळ्या लावून पेशंटांना बॅग दाबत बसली. म्हणजे अख्खी आयसीयू जिथून सुरू झाली ते हेच, माणसाने माणसाला हाताने दिलेला श्वास. ती मुलगी पुढं मशीन घेऊन घरीच राहिली, १९७१ पर्यंत.

तर धोका आहे, त्याची तयारी करायची. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला अंबू बॅग आली पाहिजे. गळ्यातल्या नळीची एक जादा आणि एक लहान साईजची नळी कायम पिशवीत. डॉक्टरांनी ऑक्सिजनही दिला असेल तर हवेतून ऑक्सिजन काढणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन साधारण ३५० वॅट खातं, इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या एका बॅटरीवर चार तासांच्या पुढं धरून चालू नका, जोडीला छोटा सिलेंडर ठेवा, दीड हजार लिटरचा असला तर मिनिटाला दोन लिटरने बारा तास निघतात. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की निघायचं, ४३ ची वाट बघायची नाही.

पॅलिएटिव्हचं एवढंच सांगते, जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे मुलांसाठी ते निदान झालं त्या दिवसापासून सुरू होतं आणि आजारावरचे उपचार चालू असताना सोबत चालतं. दुखणं कमी करणं, झोप, बद्धकोष्ठ, आईबापाचा ताण, भावंडं, सगळं त्यात येतं. आमच्याकडे पॅलिएटिव्हच्या ताई यायला लागल्या त्याला कित्येक वर्षं झाली.

आता पाचवा. हा मुद्दा पूर्ण खोटा नाही म्हणून जास्त त्रास देतो. २००२ साली ५१ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या भावंडांवर वाईट परिणाम होतो, पण सरासरीने तो थोडा असतो, रोजची ट्रीटमेंट लागणाऱ्या आजारात जास्त. आणि त्यात असंही दिसलं की आईवडिलांना वाटतं त्यापेक्षा मुलं स्वतःबद्दल बरं सांगतात. म्हणजे त्रास आहे, बरबादी नाही.

माझा त्रास कुठून आला ते सांगते. भावाला ट्रॅक बसवला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, मला गडहिंग्लजला मामाकडे पाठवलं, 'बाळाला बरं नाही, चार दिवसांनी नेतो' म्हणून. ते चार दिवस आठ महिने झाले. मामा-मामींनी काही कमी केलं नाही, पण कुणी काही सांगायचं नाही, फोनवर आई बोलता बोलता गप्प व्हायची, मी खोलीत गेले की मोठी माणसं विषय बदलायची. मग मी माझं मीच ठरवलं. मला सर्दी होती तेव्हा मी त्याचा पापा घेतला होता, त्यामुळे झालं हे. आठ महिने मी हे पोटात घेऊन शाळेत गेले. या मेसेजमध्ये जे करा म्हणून सांगितलंय, लांब ठेवा, सांगू नका, ते सगळं माझ्यासोबत झालंय, आणि मला सगळ्यात जास्त त्याचाच त्रास झाला. मशीनचा नाही.

घरी आले तर त्या खोलीत जायची भीती वाटायची. आईला सक्शन शिकवायला एक सिस्टर यायच्या, त्यांनी एकदा मला विचारलं, तुला काय वाटतं गं, कशामुळे झालं असेल? मी सांगितलं सर्दीचं. त्या होत्या तिथं फरशीवर बसल्या, म्हणाल्या, तुझ्या सर्दीने नाही झालं, तो आईच्या पोटात असल्यापासून त्याचे स्नायू तसेच आहेत. मग माझ्या बाहुलीच्या गळ्याला सुरीने छोटं भोक पाडून त्यात जुनी नळी घातली, पट्टी बांधली, आणि मला सिरिंजने बाहुलीचं सक्शन करायला लावलं. ती बाहुली अजून माळ्यावर आहे.

पुढंही सगळं छान झालं असं नाही. गॅदरिंगला कुणी यायचं नाही. तेराव्या वर्षी भांडणात मी आईला म्हटलं होतं, हा मेला असता तर बरं झालं असतं. आईने मारलं नाही, शेजारी बसली, म्हणाली मी पण दमते गं कधीकधी. त्या रात्रीनंतर पप्पांनी दर रविवारी मला एकटीला बाहेर न्यायला सुरुवात केली, खासबागेत भेळ, मग रंकाळ्याला एक चक्कर, आणि त्या दोन तासात भावाचा विषय काढायचा नाही असा नियम. दहावीला, अकरावीलाही तो मोडला नाही, पुराचा महिना सोडून.

म्हणून भावंडाला खरं सांगा, त्याच्या वयाला कळेल अशा शब्दात. आयसीयूत नेता येत नसेल तर फोटो दाखवा, पण आधी सांगा की नळ्या दिसतील. त्याला फुकटची नर्स करू नका, सक्शन मी शिकले ते पंधराव्या वर्षी, माझ्या मर्जीने. आणि आईबापाला सुट्टी मिळाली तरच भावंडाला आईबाप मिळतात. सेरेब्रल पाल्सी, बहुविकलांगता, मतिमंदत्व, ऑटिझम यातलं काही असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो आणि समर्थ-घरौंदा योजनेत मूल काही काळ सांभाळायची सोय असते, चौकशी करा, नुसता स्नायूंचा आजार त्यात बसत नाही म्हणून आम्हाला मिळालं नाही.

हे सगळं टाईप करून भावाला वाचायला दिलं, त्याच्याबद्दल आहे तर त्याला विचारलंच पाहिजे. अंबू बॅगचं असू दे, काढू नको म्हणाला, बाहुलीचं पण असू दे. त्याला फक्त एक वाढवायचंय, की दहावी झाली, अकरावीला कॉमर्स घेतलंय, भेटेल तो आईलाच विचारतो, त्याला कुणी विचारत नाही.