खिचडीतला तरंगणारा दाणा प्लास्टिकचा नाही

शाळा उघडल्या की पालकांच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरतो. सोबत व्हिडिओ असतो, गंजातल्या (पातेल्यातल्या) पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळसर दाण्यांचा. मजकूर साधारण असा: "पालकांनो सावधान! शाळेच्या खिचडीत आणि रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात. दाणे पाण्यावर तरंगतात, भाताचा गोळा चेंडूसारखा उसळतो, जाळला की काळा पडतो. मिलवाले पैसे खातात, लेकरांची पोटं बिघडतात, पुढं त्यांना मूल होत नाही. सिकलसेलच्या लेकरांना तर हे विषच. दाणे निवडून फेका, नाहीतर खिचडी बंद करा."

एक गोष्ट आधीच मान्य करू. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या माणसाला तांदूळ ओळखता येत नाही, असं कोणी म्हणू नये. नागभीड तालुक्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी धानाच्या बांधीत तीन वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यातून एचएमटीसारखा धानाचा वाण उभा राहिला. त्याच मुलखातल्या आईला सुपात वेगळा दाणा दिसला तर तो वेगळाच आहे. तिची नजर बरोबर आहे. चुकतो तो मेसेज, कारण दाणा वेगळा का आहे हे तो सांगत नाही. आणि खरं सांगायचं तर शाळेनं, रेशन दुकानानं ते वेळेवर सांगितलं असतं तर मेसेजला जागाच उरली नसती.

"दाणे तरंगतात, म्हणून प्लास्टिक." तो दाणा शेतात पिकलेला नाही, कारखान्यात घडवलेला आहे, इथपर्यंत खरं. पण तो घडवतात तांदळापासूनच. असे दाणे मिसळलेल्या तांदळाला फोर्टिफाइड, म्हणजे पोषक द्रव्यं घातलेला, तांदूळ म्हणतात. कनकी (तुकडा तांदूळ) दळून पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 जीवनसत्त्व यांची पूड मिसळतात, पाणी आणि वाफ देऊन यंत्रातल्या साच्यातून दाबून काढतात, तांदळाच्या लांबीएवढं कापतात आणि वाळवतात. शेवया पाडण्याचीच रीत म्हणा, फक्त तुकडा तांदळाच्या आकाराचा. दाबून काढताना वाफ निसटते आणि दाण्यात बारीक पोकळी राहते. म्हणून काही दाणे तरंगतात. किडीनं पोखरलेला नेहमीचा तांदूळही तरंगतो, त्याला कोणी प्लास्टिक म्हणत नाही. पिवळसर झाक मिसळलेल्या जीवनसत्त्वांमुळे आणि यंत्रातल्या उष्णतेमुळे येते.

फरक पाहायचा असेल तर टोक पाहा. नैसर्गिक दाण्याच्या एका टोकाला तिरपी खाच असते. तिथं अंकुर असतो, भरडाईत तो निघून जातो. साच्यातल्या दाण्याला खाच नसते, दोन्ही टोकं सारखी. असे दहा दाणे वेचून अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा आणि चिमटीत दाबा. पीठ होतं. प्लास्टिकचं होत नाही. तरीही खात्री होत नसेल तर जखमेला लावायचं तपकिरी आयोडीनचं औषध त्या पिठावर एक थेंब टाका. पिष्ट (स्टार्च) असेल तर निळं-काळं होतं. दहावीच्या विज्ञानाच्या मास्तरांना सांगितलं तर ते वर्गातच करून दाखवतील. (तपासलेले दाणे मात्र गंजात परत टाकू नका.)

जाळण्याची गोष्ट लवकर आटपते. तांदूळ जाळला की काळाच पडतो, कोळसा होतो, करपलेल्या भाकरीचा वास येतो आणि शेवटी राख उरते. प्लास्टिक आधी वितळतं, थेंब गळतात, वायर जळाल्याचा वास येतो. व्हिडिओत दाणा काळा होताना दाखवतात, वितळताना दाखवत नाहीत. उसळणाऱ्या गोळ्याचंही तसंच. कोमट, चिकट भात मुठीत घट्ट दाबला की त्यात हवा अडकते आणि पिष्ट लवचिक होतं. नव्या तांदळाचा गोळा जास्त उसळतो, जुन्याचा कमी. घरच्या धानाचा करून पाहा. पेजेवर येणारा पातळ पापुद्राही पिष्टाचाच असतो.

"मिलवाले पैसे खातात." भरडाईत भ्रष्टाचार होतच नाही, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. पण प्लास्टिकचा हिशेब बसत नाही. घडवलेले दाणे शंभराला एक या प्रमाणात मिसळायचे असतात. म्हणजे 50 किलोच्या कट्ट्यात अर्धा किलो. 2024-25 च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता आणि क्विंटलभर धानातून 67 किलो तांदूळ द्यावा लागतो. प्लास्टिकचे कच्चे दाणे किलोमागे या तांदळापेक्षा महाग पडतात. कट्ट्यामागे अर्धा किलो तांदूळ वाचवायला त्याहून महागडी वस्तू कोण टाकेल? चोरी करायचीच असेल तर सोपे मार्ग आहेत: कनकी जास्त घालणं, जुना तांदूळ नव्या कट्ट्यात भरणं, वजनात मारणं. पालकांनी डोळा ठेवायचा तो यावर.

मिलमध्ये खरी चूक होते ती मिसळण्यात. यंत्र नीट चाललं नाही, किंवा दाणे शेवटी वरून ओतून दिले, तर एका कट्ट्यात एकही दाणा सापडत नाही आणि दुसऱ्यात मूठभर सापडतात. तो दुसरा कट्टा ज्या शाळेत उघडतो तिथला व्हिडिओ गावभर होतो. 100 ग्रॅम फोर्टिफाइड तांदळात, म्हणजे पहिली ते पाचवीच्या एका लेकराच्या वाट्यात, असे सुमारे 50 दाणे निघायला हवेत. त्याच्या दुप्पट-तिप्पट दिसले तर कट्टा बाजूला ठेवून मुख्याध्यापकांमार्फत लेखी तक्रार करावी. तक्रारीत "प्लास्टिक" लिहिलं तर तपासणारा हसून परत जाईल. "मिश्रण असमान आहे, नमुना तपासा" असं लिहिलं तर त्याला नमुना घ्यावा लागेल.

"पोटं बिघडतात." खिचडीनंतर लेकरांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या येतात, त्या खोट्या नाहीत. पण कारण बहुतेक वेळा तांदळाच्या जातीत नसतं, वेळेत असतं. सकाळी दहाला शिजलेली खिचडी झाकून ठेवली आणि दुपारी एकला वाढली, तर त्या कोमट भातात जंतू वाढतात. त्यातल्या एका जातीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. विदर्भातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर हे आणखी लवकर होतं. दुसरं कारण पाणी आणि टाकी, तिसरं डब्यात उरलेलं जुनं तेल. नियम असा आहे की लेकरांना वाढण्याआधी शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची आणि नोंद ठेवायची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी तांदळाचा दाणा चिमटीत धरण्याऐवजी चवीच्या नोंदवहीत आजची तारीख आणि वेळ आहे का ते पाहावं.

"मूल होत नाही." याला कसलाच आधार नाही. पोलिओच्या डोसावर हेच बोललं गेलं, जंतनाशक गोळीवरही. दाण्यातलं फॉलिक ॲसिड तेच जे गरोदर बाईला आशाताई गोळीतून देते.

आता सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा मुद्दा. इथं मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि पूर्व विदर्भात हा आजार घराघरांत माहीत आहे, म्हणून नीट बोलावं लागेल. लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर पूर्वी सूचना छापावी लागत असे: थॅलेसेमियाच्या (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी टाळावं. भीतीचा उगम तिथं आहे. नंतर तज्ज्ञांच्या समितीनं पुरावे तपासले आणि 2024 मध्ये केंद्र सरकारनं हा तांदूळ या रुग्णांनाही सुरक्षित असल्याचं सांगून ती सूचना काढली.

आकडे मांडले की कारण कळतं. एक किलो फोर्टिफाइड तांदळात 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असावं असा निकष आहे. म्हणजे लेकराच्या 100 ग्रॅममध्ये 2.8 ते 4.25 मिलिग्रॅम, आणि त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. सात ते नऊ वर्षांच्या लेकराची रोजची गरज 15 मिलिग्रॅमच्या आसपास आहे. सिकलसेलच्या लेकराला रक्त चढवावं लागलं तर एका पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. खिचडीची भीती घालताना ही पिशवी कोणी मोजत नाही.

आणि मोजायला हवी ती गुलाबी गोळी. शाळेत पाच ते दहा वर्षांच्या लेकरांना आठवड्यातून एकदा मिळणाऱ्या या गोळीत 45 मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे एका वेळच्या खिचडीतल्या लोहाच्या 10 ते 16 पट. एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेल्या लेकराचं हिमोग्लोबिन कमी असतं ते लोह कमी म्हणून नव्हे. त्याच्या लाल पेशी 120 दिवसांऐवजी 10 ते 20 दिवसांतच फुटतात, पण फुटलेल्या पेशींतलं लोह शरीरातच राहतं. म्हणून त्याला लोहाची गोळी तपासणीत लोह खरंच कमी निघालं तरच, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. त्याला रोज लागतं ते फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी आणि डॉक्टरांनी दिली असेल तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. एएस, म्हणजे स्वतः आजारी नसलेल्या वाहकाची गोष्ट वेगळी. त्याला इतरांसारखीच लोहाची कमतरता होऊ शकते आणि गोळी चालते. शाळेत वा शिबिरात होणारी रक्ताची विद्राव्यता (सोल्युबिलिटी) चाचणी दोघांमध्ये फरक दाखवत नाही, दोघांचीही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी होऊन सिकलसेलच्या कार्डावर एसएस की एएस लिहून येईपर्यंत काम अर्धंच. त्या कार्डाची झेरॉक्स वर्गशिक्षकांकडे द्या आणि गोळीच्या दिवशी विचारा. त्यासाठी भात सोडायची गरज नाही.

उलट टोकाचा दावाही खरा नाही. हा तांदूळ खाल्ला की ॲनिमिया जातो, असं काही ठिकाणी भिंतीवर रंगवलेलं दिसतं. जगभरच्या चाचण्यांचा 2019 सालचा एकत्रित आढावा सांगतो की तांदळात लोह घातल्यानं ॲनिमियाचा धोका फारसा कमी होत नसावा. गडचिरोलीत हा तांदूळ प्रायोगिक योजनेत इतरांच्या आधी आला, तरी तिथल्या आयांना आजही लेकराचं हिमोग्लोबिन मोजून घ्यावंच लागतं. पाच ते अकरा वर्षांत 11.5 च्या खाली आलं की ॲनिमिया, 8 च्या खाली गेलं की लगेच दवाखाना. जंताची गोळी चुकवू नये, दोन वर्षांवरच्या लेकराला 400 मिलिग्रॅमची पूर्ण, चावून. जेवणासोबत काळा चहा देऊ नये, तो लोह शोषू देत नाही. अंबाडी, तरोट्याच्या भाजीवर लिंबू पिळावं.

राहिला शेवटचा सल्ला, "दाणे निवडून फेका." ज्या दाण्यात लोह आहे तेवढेच निवडून कोंबड्यांपुढे टाकायचे, आणि वरून म्हणायचं की या तांदळानं काही फरक पडत नाही! खिचडीच्या ताईंना अर्धा तास सूप घेऊन बसवण्यापेक्षा एवढं सांगा: तांदूळ चोळचोळ न धुता दोन पाण्यात हलका धुवा, भिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, भात शिजवला तर पेज काढू नका, त्यातून जीवनसत्त्वं वाहून जातात. कट्टे भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी असू द्या. पावसाळ्यात ओल लागली की सोंडे पडतात, बुरशी येते. कट्ट्यावर फोर्टिफाइडचं निळं प्लस एफ (+F) चिन्ह आणि भरल्याची तारीख पाहा. सर्वांत जुना कट्टा आधी उघडा.